धागा म्हणायचा हक्क

जानेवारी आला की माझे पाय माझं ऐकत नाहीत. पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये मी शिफ्ट लावत असते, हातात स्कॅनर असतो, समोर ट्रकवाला आपलं गाऱ्हाणं सांगत असतो, आणि खाली सेफ्टी शूजमधला उजवा पाय खट-पट, खट-पट सुरू झालेला असतो. पोरांना आता ते पाठ झालंय. "मॅडमचा लूम चालू झाला," म्हणतात आणि हसतात. हसोत बापडी. या एका ठेक्यावर मी अख्खं मैदान डोलताना पाहिलंय, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गावातली थंडी तशी नावालाच. सकाळी आंघोळीच्या आधी जरा दात वाजवते आणि ऊन वर चढायच्या आत निघून जाते. पण तेवढ्या वेळात हवेला एक वास येतो. उकडलेल्या वालाच्या शेंगांचा, गल्लीच्या टोकाला उकळणाऱ्या चहाचा, सुताला लावलेल्या खळीचा. त्यात उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे कापसाचे तंतू. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांमध्ये हवेत असं पांढरं काहीतरी उडतच असतं. शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा स्वच्छ हवा बघून मीच बाईंना विचारलं होतं, इथलं कुठं गेलं?

आता मी काल्हेरला राहते, अकराव्या मजल्यावर. खाली रस्ता, रस्त्यावर ट्रक, ट्रकांमागे धूळ. यंदा जानेवारीच्या सुरुवातीला लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. माणूस चांगला आहे, फक्त लिफ्टमध्येही सभा घेतल्यासारखा बोलतो. म्हणाले, "सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, मग स्पीकरवर दोन देशभक्तीपर गीतं, मग नाश्ता. तुम्ही पूर्वी गायचात म्हणे? तुमच्याकडचं काहीतरी म्हणा ना, व्हरायटी होईल."

तुमच्याकडचं.

लिफ्टचं दार उघडलं तरी मी आतच उभी. राग आला म्हणावं तर राग नव्हता, त्यांनी बोलावलं होतं प्रेमानंच. पण तसलाच शब्द मी फार वर्षांपूर्वी दादांच्या तोंडून ऐकला होता आणि त्या एका शब्दामुळे आमच्या गल्लीत एक गाणं जन्माला आलं होतं. मी घरात शिरले, चपला एकीकडे, डबा एकीकडे, आणि दादांना म्हटलं, "दादा, सोसायटीत आपलं गाणं बसवू या." दादा म्हणजे माझे वडील. ते खिडकीशी बसून ट्रक बघत होते. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ट्रक बघायला लागले.

दादांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. लूमच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरायची, हा धंदा. दिवसभर तांब्याची तार आणि संध्याकाळी पेटी. आमची गायन पार्टी होती. एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही गावोगाव गायचो, शेलारपासून पार खाडीकडच्या वाड्यांपर्यंत. चाली सगळ्या दादांच्या. लोक ऐकायचे, डोलायचे, वाहवा करायचे. असंच एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "तुमच्या लोकांची गाणी भारी असतात हां!"

दादा घरी आले ते तोंड पाडून. आई म्हणाली, "अहो, चांगलंच म्हणाला की तो."

"चांगलंच म्हणाला," दादा म्हणाले. "पण तुमची म्हणाला. वर्षानुवर्षं गातोय, आणि अजून तुमचीच."

त्या हिवाळ्यात मी दहावीत होते. दादांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीला गावच्या मोठ्या मैदानावर कार्यक्रम असतो, तिथं गायचं. नवं गाणं. संविधानाच्या पहिल्या पानाचं. मैदानात बसलेल्या माणसाला घरी जाताना ते आपलं वाटलं पाहिजे. "नाही वाटलं, तर पेटी माळ्यावर टाकीन," असं दादा सगळ्यांसमोर बोलून बसले. आईनं कपाळाला हात लावला, कारण दादा बोलले की करायचे. आमच्या घरात पेटी नसणं म्हणजे काय, याची कल्पनाही मला करवेना. मला तर रडूच फुटलं.

शब्दांसाठी दादा हनीफचाचांकडे गेले. चाचा इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, सुताचे व्यापारी. गादीवर बसून गिऱ्हाइकाशी भाव करता करता शेर जुळवायचे. मुशायऱ्यात त्यांचं नाव होतं. दादांचं बोलणं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मराठीत लिहू? अरे बाबा, मी झगडा मराठीत करतो, सौदा मराठीत करतो, पण शायरी उर्दूत करतो."

दादा म्हणाले, "मग झगड्याच्या भाषेत लिहा. चालेल."

चाचा हसत सुटले. त्यांच्या हसण्यात पानाचा वास असायचा. आठव्या-दहाव्या दिवशी ते आमच्या घरी गाणं घेऊन आले आणि तिथून आमच्या घरातली ती महिन्याभराची जत्रा सुरू झाली.

घर म्हणजे लांबट खोली. तिची एक भिंत आणि शेजारच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच. रोज संध्याकाळी सात वाजता तालीम. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, मधे पेटी, ढोलकीवर बबनमामा. दारातल्या ओट्यावर रात्रपाळीचे कारागीर येऊन बसायचे. आठला त्यांची ड्युटी लागायची, त्याआधी चहा. त्यातला रामसूरत आम्हाला चांगला ओळखीचा, कारण त्याच्या लूमची मोटर सारखी जळायची आणि सारखा तो दादांकडे यायचा. मराठी त्याला कामापुरती येत होती. गाणं मात्र तो ओट्यावर बसून असं ऐकायचा की हातातला चहा निवून जायचा.

आणि आमच्या पार्टीची एक पद्धत होती. ती कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण लूमच्या गल्लीतच सुचावी अशी. लूमवर धागा तुटला की लूम थांबवायचा, धागा जोडायचा, मग पुढं. तसंच गाण्याचं. गाताना ज्याची जीभ अडली, ज्याला शब्द पटला नाही, ज्याचा सूर वाट चुकला, त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "धागा!" की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मग तो शब्द कवीनं दुरुस्त करायचा नाहीतर ती जागा चाल लावणाऱ्यानं. म्हणणारा कोण, लहान की मोठा, गळा आहे की नाही, हे बघायचं नाही. सगळं सुरळीत झालं की ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, "पास." आणि हे पास म्हणायचा हक्क फक्त ऐकणाऱ्यांना. लिहिणाऱ्याला नाही आणि चाल लावणाऱ्याला तर मुळीच नाही. दादांनी एवढ्या चाली लावल्या, पण उभ्या जन्मात स्वतःच्या गाण्याला ते पास म्हणाले नव्हते.

चाचांना हे नवं होतं. पहिल्याच तालमीत गाणं दुसऱ्या कडव्याशी आलं आणि कमलमावशी ओरडली, "धागा!"

कमलमावशी शेलारची. भाजीची पाटी घेऊन रोज गावात यायची, आवाज असा की तीन गल्ल्यांत पालक विकला जावा. ती म्हणाली, "हा सार्वभौम मना न्हाय जमत. तोंडात खडा आल्यावानी वाटतो."

चाचा ताठ झाले. "बाई, तो संविधानातला लफ्ज आहे. त्याला हात लावायचा नाही."

"असंल. पन माज्या तोंडात बसंना, त्याला मी काय करू? त्याचा अर्थ तरी काय हाय?"

चाचांनी अर्थ सांगितला. की आपल्यावर कुणी राजा नाही, कुणी साहेब नाही, आपलं राज्य आपलंच. मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग असंच लिवा ना, भाऊ. हे तं मना समजलं."

चाचा उठून गेले. चप्पल घालताना पुटपुटले की मी तीस वर्षं मुशायरे गाजवले आणि आता भाजीवाली माझा मिसरा तोडते. दादा पेटीचा भाता बंद करून बसून राहिले. आम्हाला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता चाचा दारात उभे, चष्मा कपाळावर आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. आत यायच्या आधीच त्यांनी म्हणून दाखवलं:

"वर ना कुणी, खाली ना कुणी,
आमचे आम्हीच धनी!"

मावशीनं ती ओळ एकदाच ऐकली आणि खच्चून म्हटली. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना आलाय, खोटं नाही सांगत. चाचा म्हणाले, "कमलबाई, काल मला गुस्सा आला होता. रात्री कळलं, लफ्ज तुझाच होता, मी फक्त वजनात बसवला."

मला शाळेत लोकशाही आणि साहित्य असा निबंध आला होता. मी त्यात आधारस्तंभ, दीपस्तंभ असे बरेच स्तंभ उभे केले होते आणि बाईंनी छान म्हणून शेरा दिला होता. त्या निबंधात कमलमावशी कुठंच नव्हती. आज वाटतं, मोठ्या कवीची गोष्ट तिथूनच सुरू होते, जिथं तो तोंडावर धागा ऐकून घेतो. राजाच्या दरबारातल्या कवीचं बरं होतं, एका माणसाला खूश केलं की सोन्याचं कडं. पण आपल्या मातीतले जे खरे मोठे होऊन गेले, ते कुणी कापड विणत होते, कुणी मडकी घडवत होते, कुणी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करत होत्या. त्यांची कविता आधी बाजारात, पाणवठ्यावर, शेजारणीच्या तोंडात जाऊन आली आणि तिथं जी टिकली तीच आपल्यापर्यंत पोचली. शेकडो वर्षं लोकांनी तिच्यातला न बसणारा शब्द बदलला असेल, नवा घातला असेल. कवीचं नाव तेवढं राहिलं, आणि ते राहिलं म्हणून मला फार बरं वाटतं.

चाली लावणाऱ्यांचंही तसंच. एकट्या तयार गळ्यासाठी चाल बांधणं एक वेळ सोपं. पण ज्यांनी अख्ख्या देशानं उभं राहून म्हणायच्या चाली बांधल्या, त्यांच्यासमोर कोण होतं? माझ्यासारखे, तुमच्यासारखे, वरच्या सुराला घसा बसणारे, खालच्या सुराला गुणगुणून वेळ मारून नेणारे. दर सव्वीस जानेवारीला पाहा. वरची जागा आली की कुणी मागे पडतं, कुणी पुढे पळतं, कुणी नुसते ओठ हलवतं, आणि तरी गाणं उभंच राहतं. सगळ्यांना सामावूनही मोडत नाही अशी चाल बांधायला काय काळीज लागत असेल! देशाचा स्वभाव बघायचा असेल तर मी कायद्याची पुस्तकं नंतर उघडेन, आधी तिथली माणसं एकत्र काय गातात ते ऐकेन.

दादांचा हट्ट होता की या गाण्याला पुढं गाणारा कुणी नको. एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागं ओढायची, ही आमची नेहमीची रीत. दादांनी ती मोडली. सगळे एकदम, पहिल्या शब्दापासून. बबनमामा म्हणाले, "दादा, पुढं कुणी नसला आन् गाडी घसरली तर सावरणार कोण?"

"सगळे सावरतील," दादा म्हणाले. मामांना ते पटलं नव्हतं, हे त्यांच्या ढोलकीवरच्या बोटांवरून कळत होतं.

महिनाभर असं छान बसलं गाणं! चढणीला सगळे एकदम चढायचे, उताराला एकदम उतरायचे. दादा खूश, चाचा खूश. चाचा तर रोज कुणाला ना कुणाला ऐकायला घेऊन यायचे. फक्त शुक्रवारी तालीम नसायची. शुक्रवारी लूम बंद, गावाला सुट्टी, निम्मी पार्टी बाजारात, चाचा नमाजाला आणि मग पाहुण्यांकडे.

इथंच माशी शिंकली होती आणि आमच्यापैकी कुणालाही ती दिसली नव्हती.

सव्वीस जानेवारीची सकाळ. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, माझ्या ओढणीची कडक इस्त्री. मैदान भरलेलं. शाळांची मुलं रांगेत, मागं खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि त्याहून मागं जमिनीवर मांडी घालून बसलेले कारागीर. ते दरवर्षी नसायचे, त्या वर्षी रामसूरत आपल्या कारखान्यातल्या सगळ्यांना घेऊन आला होता. आमचं नाव पुकारलं. आम्ही चढलो. दादांनी सूर दिला आणि आम्ही उघडलं तोंड.

पहिलं कडवं कसंबसं गेलं. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. आमचेच आवाज आम्हाला ओळखू येईनात. किती मोठ्यानं ओरडत होतो आम्ही! दुसऱ्या कडव्याला बबनमामांची ढोलकी पळायला लागली. बाप्ये तिच्यामागे पळाले. बाया मागे राहिल्या. एकाच ओळीच्या दोन ओळी झाल्या, मग तीन. मी कमलमावशीकडे पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लूम बंद होते! राष्ट्रीय सुट्टी, सगळ्या गावातले लूम बंद. भिंतीला लागून असलेला रामसूरतचा तो लूम, आठपर्यंत दिवसपाळीवाला चालवायचा तो, महिनाभर आम्हाला ठेका देत होता. बबनमामा ढोलकी वाजवत होते ते त्याच्याच मागून. आम्ही लूमच्या गल्लीतली माणसं, खटखटाटात जन्मलो, खटखटाटात झोपलो, आम्हाला तो आवाज ऐकूच येत नव्हता. हे गाणं शांततेत आम्ही एकदाही गायलो नव्हतो.

पुढं गाणारा कुणी नव्हता. ओळ पकडून कुणाच्या मागं जावं, तर सगळेच सगळ्यांकडे बघत होते. दादांची बोटं पेटीवर थांबली. त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. पेटी माळ्यावर चालली होती, आमच्या डोळ्यांदेखत. सूत्रसंचालक गुरुजी माइककडे सरकले, त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं 'धन्यवाद' तयार होतं.

आणि मैदानाच्या पार मागून आवाज आला, "धागा!"

आम्ही थांबलो. महिन्याभराची सवय, धागा म्हटलं की थांबायचं. मोडलेलं गाणं त्या एका शब्दानं एकदम थांबलेलं गाणं झालं. रामसूरत उभा राहिला होता. "अरे धागा टूटा है, बस! जोड़ो और चलाओ!" त्यानं हात हलवून सांगितलं, दादांना रोज मोटर दाखवायला यायचा तसंच, घरच्यासारखं. कमलमावशीला हसू फुटलं. तिचं पाहून बायांना, मग बाप्यांना. गुरुजी माइकजवळ तसेच अवघडून राहिले.

मग रामसूरत खाली बसला आणि त्यानं मांडीवर हात मारायला सुरुवात केली. खट-पट, खट-पट. त्याच्याशेजारच्यानं धरला. त्याच्या मागच्यानं. सगळा कारखाना तिथं बसला होता हो, फक्त लोखंड नव्हतं! ठेका रांगेरांगेनं पुढं सरकत आला, शाळेच्या मुलांना तर निमित्तच हवं होतं, त्यांनी टाळ्या धरल्या. बबनमामांनी डोळे मिटले, ऐकलं आणि हळूच ढोलकीवर थाप दिली. दादांनी सूर धरला. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या कडव्याला मला कळलं की खालूनही कुणी गातंय. ओट्यावर बसून ज्यांनी महिनाभर चहा निवू दिला होता, ते सगळे गात होते. मराठी त्यांची मोडकी, 'धनी'चा उच्चार भलताच लांबलेला, पण एकेक शब्द जागेवर. वर ना कुणी, खाली ना कुणी. स्टेजवर आम्ही आणि मैदानात ते, यात पुढं गाणारे कोण आणि मागं ओढणारे कोण, हे सांगताच येईना.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांच्या आधी रामसूरतचा आवाज आला, "पास! एकदम पास!" आणि मग सगळं मैदान पास, पास ओरडायला लागलं, त्यातल्या निम्म्यांना त्याचा अर्थ माहीत नसताना. हनीफचाचा स्टेजच्या पायऱ्यांवर बसून रडत होते. मला जवळ ओढून म्हणाले, "बेटा, आज मला मुशायरा कळला."

दुसऱ्या दिवशी दादा मला मुद्दाम त्याच टपरीवर घेऊन गेले. तोच माणूस भेटला, तशीच पाठीवर थाप. "काय ते आपलं गाणं झालं हो काल!" म्हणाला. दादांनी त्या दिवशी टपरीवरच्या सगळ्यांना भजी खायला घातली.

हे सगळं मी दादांना यंदा परत सांगितलं, त्यांना ठाऊक असलेलंच. कारखाना विकला गेला, लूम भंगारात गेले, तिथं आता पार्सलांचं गोडाऊन आहे. आई, चाचा, बबनमामा गेले, बाकीची पार्टी पांगली. रामसूरत आपल्या मुलखात गेला तो परत आला नाही. कमलमावशीचे गुडघे गेलेत, आवाज आहे. गाण्याचं रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. ते आता माझ्या डोक्यात, मावशीच्या आणि दादांच्या, बस. आणि दादा इथं आल्यापासून गातच नाहीत. पेटी पलंगाखाली आहे. "इथं भिंतीपलीकडून काहीच येत नाही," एवढीच त्यांची तक्रार. आम्ही तिघं गेलो की ते गाणंही जाणार, हे मला लिफ्टमधून बाहेर पडता पडता कळलं होतं आणि म्हणून मी एवढी पेटले होते.

तालीम पार्किंगमध्ये. पहिल्या दिवशी आठ-दहा जण आले, त्यातले निम्मे मुलांना सोडायला. सगळ्या मुलखांतली माणसं, कुणाची मराठी पक्की, कुणाची कच्ची. मी आधी धाग्याची पद्धत सांगितली. लोक लाजले. चारचौघांत थांबा कसं म्हणायचं? पण एकदा सेक्रेटरींना त्याची गोडी लागली आणि ते ऊठसूट धागा म्हणायला लागले, वार्षिक सभेत हरकत घ्यावी तसे. शेवटी त्यांची बायकोच म्हणाली, "आता तुमच्यावरच धागा!" त्यानंतर सगळे मोकळे झाले. सोसायटीत झाडूपोछा करणारी रेणुका गाड्यांमधून लादी पुसत आमच्याभोवती फिरायची. मी म्हटलं, "तू पण ये की." म्हणाली, "काम उरकते आणि येते." ती बादली हातात घेऊनच आली आणि सगळ्यांत आधी तिलाच पाठ झालं. दादांना मी रोज खुर्ची आणून द्यायची. ते बसायचे, ऐकायचे, बोलायचे काही नाही. त्यांचे पाय मी चोरून बघत राहायची. ते हलत नव्हते.

सव्वीस जानेवारीला मी पहाटेच उठले. दहावीतल्यासारखीच ओढणीला कडक इस्त्री केली. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, वरच्या जागेला सगळे नेहमीसारखे पांगले आणि जमले. मग आमचं गाणं. सेक्रेटरींनी माइक माझ्या हातात दिला. "तुम्ही लीड करा मॅडम, नाहीतर गोंधळ होईल."

मला ते तेव्हा बरोबरच वाटलं. पाय ठेका देत होता, माणसं नवखी होती, गाडी घसरली तर सावरणार कोण? मी माइक तोंडाशी धरला आणि सुरू केलं. पार्किंगच्या छताला माझा आवाज लागून परत येत होता, मोठा, खणखणीत. पहिलं कडवं सुरेख गेलं. एकही जण चुकला नाही. मी खूश होऊन दुसरं कडवं उचललं.

"धागा!"

रेणुका. मागच्या रांगेत, नव्या साडीत, हात वर केलेला. सगळे थांबले. मीही थांबले, आणि माझी मान आपोआप पुढं गेली, कुठला शब्द चुकला?

"मॅडम," ती म्हणाली, आधी जरा बिचकत आणि मग सरळ, "गाणं आपलं हाय ना? मग एकट्या तुमचाच आवाज का येतोय? मला माझा पण ऐकू येईना."

कुणी हसलं नाही. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपलं, असं म्हणाली होती ती. मी माइकचं बटण बंद केलं आणि तो सेक्रेटरींच्या हातात परत दिला.

मग ठेका लागला. मी दिलेला नव्हता. खुर्चीतून येत होता, जुन्या चपलेचा फरशीवर, खट-पट, खट-पट. आम्ही सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. वर ना कुणी, खाली ना कुणी. सूर थोडा खाली आला, थोडा वर गेला, एक गुजराती आजी अर्धी ओळ मागे राहिल्या आणि त्यांच्यासाठी सगळे किंचित थांबले. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता. रेणुकाचा येत होता, सेक्रेटरींचा येत होता.

गाणं संपलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण पास म्हणायला ऐकणारं माणूस लागतं आणि तिथं सगळेच गाणारे झाले होते. फक्त खुर्चीत एक म्हातारा होता. चाल त्याचीच होती, पण आज तो गायला नव्हता, पायानं ठेका देत त्यानं नुसतं ऐकलं होतं.

दादांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते उठून उभे राहिले.

"पास," ते म्हणाले.